तासाभराचा बर्फ

वरळी कोळीवाड्यातल्या गुणवंतीने कोल्हापूरच्या जावयाला फोनवर विचारलं, "वसंतराव, विमान तुमच्याकडं किती वेळात येतं?"

"तीनशे किलोमीटर आहे, आई. एक तास."

झालं! तिने पापलेटांवर तासाभराचा बर्फ घातला. मुलीला, गर्भार कांताला, पापलेटाचे डोहाळे लागले होते. त्यात कांताची सासू सुभद्राबाई चारचौघांत ऐकवायची, "मुंबईची मासळी म्हणजे नुसतं नाव. आमच्या हितलीच बरी." हे गुणवंतीला फार झोंबलं होतं. आज पहाटेचं पापलेट विहिणीच्या ताटात वाढणारच, असा तिने पणच केला होता.

"अगो, विमानात बसेपरत बर्फ टिकंल काय?" नवरा धर्मा म्हणाला.

"पंधरा किलोच नेऊ देतात. त्यात पाणी नेऊ का मासळी? गप बसा तुमी."

गिरणी संपाच्या वर्षी परळ-लालबागला सुक्या बोंबलांवर जगवणाऱ्या बाईला बर्फाचं कोण शिकवणार! पण माहीमपासून टॅक्सी मुंगीच्या पावलांनी सरकली. विमानतळाच्या दारात फोनवर निरोप आला, विमान तीन तास उशिरा. तोवर खोका ठिबकायला लागला होता.

"मौसी, ये टपकता है. अंदर नहीं जाएगा," दारावरचा जवान म्हणाला.

"अरे, एक घंटे का तो रस्ता हाय!"

"एक घंटा तो अंदर लाइन में लगेगा, मौसी."

मासळी आता टिकणार नव्हती, आणि फेकून देणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने पदर खोचला, टॅक्सी स्टँडपाशी बसकण मारली आणि खोक्याच्या झाकणावर पापलेटं मांडली. "या रं, पहाटेचं हाय!" टॅक्सीवाले आले, झाडूवाल्या आल्या. शेवटी ड्यूटी सुटलेला तो जवानही आला. "मौसी, साफ करके दोगी?" वीस मिनिटांत खोका रिकामा.

विमानात मात्र तिला रडू कोसळलं. विहिणीच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं?

"रडू नका आई, बाजार उघडा असेल," घ्यायला आलेला वसंत म्हणाला. दोघं थेट कोल्हापूरच्या मासळी बाजारात गेली आणि तिथलीच पापलेटं खोक्यात भरली. जन्मात पहिल्यांदा मासळी विकत घेताना गुणवंतीला घासाघीससुद्धा सुचली नाही.

संध्याकाळी सुभद्राबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "विहीणबाई, हरले बघा! ह्येला म्हणायचं पापलेट. चव लगेच कळती."

वसंतने मान खाली घातली. कांताने आणखी एक तुकडी मागितली. गुणवंतीच्या जिवात जीव आला.

"एक कच्चं राहिलंय न्हवं?" सुभद्राबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी बाजारात आमच्या मासळीवालीच्या म्होरं नेऊन धरते. म्हणते, बघ बाई, ताजं कशाला म्हणत्यात! तुम्हीबी चला संगं."

गुणवंतीला जोराचा ठसका लागला. कांता तिची पाठ चोळू लागली.

"काटा अडकला जणू," सुभद्राबाई कौतुकाने म्हणाल्या. "ताज्या मासळीचा काटा कडकच असतोय!"