नऊ नंबरची डबी

"ऐकून तुझा विश्वास बसणार नाही. ब्रह्मदेवाने येऊन साक्ष दिली तरी बसणार नाही," आत्मारामपंत सोफ्यावर टेकत म्हणाले.

दाढ काढायला म्हणून ते सकाळी चौकातल्या दंतवैद्याकडे निघाले होते. दुपारी परतले ते सुजलेल्या गालासकट, आणि दाढ होती तिथेच. समोर पद्मिनीबाई उभ्या होत्या. कारण दमदार हवं होतं.

पंतांनी आधी तिथल्या प्रतीक्षालयाचे वाभाडे काढले. प्रतीक्षालय म्हणजे काय, तर ज्याला कळा येतायत त्याने बाहेर घामाघूम व्हायचं आणि ज्याचं काही दुखत नाही त्याने आत एसीत बसायचं, ही सोय. नऊ खुर्च्या, माणूस एक नाही. एकीवर गमछा, दुसरीवर हेल्मेट, तिसरीवर वांग्यांची पिशवी. मालक चौकात चिकनकारीचे कुर्ते बघत हिंडतायत आणि नंबर सामान सांभाळतंय. मग पंतांनीही शेवटच्या रिकाम्या खुर्चीवर चष्म्याची डबी ठेवली आणि ते चहाला गेले.

"परत येतो तो डबी आत."

"आत म्हणजे?"

"तपासायच्या खुर्चीवर. डॉक्टरचं डोकं मोबाइलमध्ये. त्याने डबी उघडली, 'ज़रा और बड़ा खोलिए' म्हणाला, कापूस कोंबला आणि दोन तास काही खायचं नाही म्हणून बजावलं."

पद्मिनीबाईंनी हसू दाबलं. तुम्ही तिथेच होतात ना, मग बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं. पंत म्हणाले, बोललो तर. पण कंपाउंडर रजिस्टर नाचवत होता. नऊ नंबर झाला, पेशंटची तक्रार नाही. असा गुणी पेशंट म्हणे वर्षात आला नव्हता, ते हेल्मेट मागच्या खेपेला फार वळवळलं होतं. आता नवा नंबर थेट पंधरा दिवसांनी.

'पंधरा दिवस' हे शब्द पंतांनी जिभेवर खडीसाखर घोळवावी तसे उच्चारले. पद्मिनीबाई विरघळल्या. मेला डॉक्टर आहे की कोण, असं पुटपुटत त्या मऊ भात टाकायला वळल्या.

नात शर्वरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती हिंदीतच देते. फ्रिजचं दार लावत ती म्हणाली, "आजी, झूठ. मैं सामने दर्ज़ी के यहाँ बैठी थी. आबा अंदर गए ही नहीं. तीन बार सीढ़ी चढ़े, दाँत वाली मशीन की आवाज़ सुनी, तीनों बार उतर आए."