मेंढीचं डोकं आणि आडवे-उभे शब्द

मुलीच्या सोयरिकीच्या जेवणाचं औचित्य साधून एक खास शब्दकोडं बनवावं, असं बेइसेनच्या मनात आलं आणि तिथेच घात झाला.

झारकेंत गावच्या पाणीपुरवठा कचेरीतला हा कारकून बावीस वर्षं शब्दकोडी बनवत होता. सोडवत नव्हता हो, बनवत होता! कोळशाच्या खोलीत पोत्यावर बसून, चौकटीच्या वहीत. चारशेबारा कोडी झाली होती आणि त्यात एकही चूक नव्हती. (एकही कोडं कुणाला दाखवलं नव्हतं, त्यामुळे चूक काढणार कोण?) बायकोला, राऊशानला, वाटायचं की नवरा कोळसा नीट रचून ठेवतोय. उन्हाळ्यातसुद्धा.

तर या चारशेतेराव्या कोड्यात त्यानं पाहुण्यांची नावं आणि मेंढीच्या हाडांची नावं एकमेकांत गुंफली. व्याही ओराझबाय आडवे, त्यांच्या 'ब'मधून 'बास' म्हणजे डोकं उभं. व्याह्यांचे वडील मोल्दाबाय आडवे, त्यांच्या 'म'मधून 'मोयिन' म्हणजे मान उभी. रिकाम्या घरांत काळा रंग भरला, तेव्हा स्वतःचं कौतुक वाटून बेइसेनचे डोळे पाणावले. त्यानं वहीतलं ते पान फाडून कोटाच्या खिशात ठेवलं.

जेवणाच्या दिवशी सकाळी राऊशाननं त्याच्या हातात दुसरा कागद दिला. कुणाच्या पुढे कुठलं हाड ठेवायचं, याची यादी. आत्याला तीनदा विचारून लिहिलेली.

"तोक्तारला द्या. आणि हरवू नका. हाड चुकलं तर पोरीचं लग्न गेलं समजा."

"मी काय लहान आहे?" बेइसेन म्हणाला आणि यादी त्याच खिशात कोंबली.

राऊशानचा धाकटा भाऊ तोक्तार चुलीपाशी घामाघूम होऊन मांस कापत होता. बेइसेननं खिशात हात घातला, कागद काढला, त्याच्या हातात दिला आणि पाहुण्यांची गाडी आली म्हणून फाटकाकडे धावला. थोड्या वेळानं तोक्तार दारात आला.

"दाजी, नक्की असंच वाढायचं? मला जरा..."

"जसं लिहिलंय तसंच! एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही."

तोक्तार चुलीकडे परतला. ताईनं एवढा नकाशा आखलाय, काळ्या चौकटी रंगवल्यात, म्हणजे काहीतरी शहरातली नवी पद्धत असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं.

ताटं आली. ओराझबायपुढे मेंढीचं डोकं. मेंढीच्या डोक्याला, वडील हयात असताना, कुणी सुरी लावत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि वडील शेजारीच बसलेले, शहाऐंशी वर्षांचे, ठणठणीत. त्यांच्यापुढे मान. मेंढपाळाला देतात ती.

ओराझबायनं हात मागे घेतला. म्हाताऱ्यानं ताट निरखलं.

"ओराझबाय, मी मेलो का रे? कळवायचं तरी."

"बाबा, उठा. इथे आपल्याला बोलावून तुमचं मयत मांडलंय."

चहा ओतणाऱ्या मुलीचा, मेरुएर्तचा, हात थांबला. ती आणि ओराझबायचा मुलगा तीन वर्षं या दिवसाची वाट पाहत होते. तिच्याकडे पाहून बेइसेनचा जीव तुटला. राऊशान स्वयंपाकघरात धावली आणि तोक्तारचा दंड धरून त्याला कागदासकट ओढत घेऊन आली.

"हा माझा कागद नाही!"

"दाजींनीच दिला," तोक्तार म्हणाला.

सगळ्या नजरा बेइसेनवर. गप्प राहावं तर लग्न मोडतं, बोलावं तर बावीस वर्षांची अब्रू जाते. त्यानं मुलीकडे पुन्हा एकदा बघितलं.

"ते शब्दकोडं आहे, अक्सकाल," तो म्हाताऱ्याला अदबीनं म्हणाला, "मी बनवतो. हाडांचा आणि तुमच्या मानाचा काही संबंध नाही. अक्षर जुळलं, म्हणून जोडलं."

"छापतं कोण?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कुणीच नाही."

"मग सोडवतं कोण?"

"कुणीच नाही."

म्हाताऱ्यानं चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला.

"किती वर्षं चाललंय हे?"

"बावीस."

"मग घराचं छप्पर कुणी घातलं?"

"बायकोनं. म्हणजे, तिनं माणसं लावली."

"ही मेंढी कुणी निवडली?"

"तिनंच."

"मुलीला कुणी शिकवलं?"

बेइसेननं मान खाली घातली. राऊशाननं मात्र वर केली.

म्हाताऱ्यानं कागदाची घडी घातली, मुलाच्या पुढचं डोकं स्वतःपुढे ओढलं आणि सुरी मागितली.

"बस खाली, ओराझबाय. बावीस वर्षं असल्या उद्योगाला मोकळा असलेला नवरा सांभाळून ज्या बाईनं घर उभं केलं, तिची मुलगी आपल्या घरात आलीच पाहिजे. फक्त एक सांगा, पोरगी आईवर गेलीय की बापावर?"

"आईवर!" राऊशान म्हणाली, तोक्तार म्हणाला, मेरुएर्त म्हणाली. पण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो बेइसेनच.