भावोजींचा वर राहिलेला हात

"उजवी बाही आधी, उजवी! किती वेळा सांगू? दुखरा हात आधी घालायचा असतो," ताई कोटाशी झटापट करत पुटपुटली. कोटात माझे भावोजी होते. रंगमंचामागची ती खोली एवढीशी, की ताईने कोपर हलवलं की मी आरशाला चिकटत होते.

ज्याच्या हाती वाद्य नसतं त्याचंच नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलं जातं, हा वाद्यवृंदांचा जगभरचा नियम आहे. (काही घरांचाही.) भावोजी आंतरराष्ट्रीय संचालक. ऐंशी माणसं फुंकतात, घासतात, बडवतात. भावोजी छडी हलवतात आणि घाम त्यांना येतो. असे संचालक पायलीला पन्नास. भावोजींचं नशीब उघडलं ते खांद्यामुळे.

एका परदेशी शहरात शेवटचा सूर संपला, त्यांचा उजवा हात वर होता, आणि तिथेच आखडला. आता या पाश्चात्त्य संगीतात एक पथ्य असतं: मध्येच टाळी वाजवणं म्हणजे अडाणीपणा. रचना संपली की नुसती दम खातेय हे बहुतेकांना कळत नाही, म्हणून सगळे संचालकाच्या हाताकडे बघतात. हात खाली आला की संपलं. हात येईना. सभागृह श्वास रोखून बसलं. अखेर भावोजींनी खोल वाकून, डाव्या हाताने उजवा ओढून घेतला, आणि टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. 'स्वरांपलीकडचं मौन!' दुसऱ्या दिवशी समीक्षकाने लिहिलं.

तेव्हापासून कीर्ती वाढत गेली, मौन लांबत गेलं. सुरुवातीला ते एक शिंक दाबण्याइतकं होतं. पुढच्या शहरात एका गृहस्थांचा पडलेला चष्मा सापडेपर्यंत टिकलं. त्याच्या पुढच्यात एक जोडपं भांडलं, रुसलं आणि परत एक झालं, सगळं खुणांनी. तज्ज्ञांच्या पाहणीनुसार शंभरातल्या चाळीस श्रोत्यांना या मौनात ईश्वर दिसतो. एकोणसाठांना तो शेजारच्याला दिसला असावा असं वाटतं. (उरलेला झोपलेला असतो. त्याचं मत सर्वांत अनुकूल.)

घरी मात्र हे मौन केस विंचरू देत नाही. लेक "बाबा, उंच!" म्हणते, भावोजी तिला डाव्या हाताने गुडघ्यापर्यंत उचलतात आणि म्हणतात, "पोचलो!" डॉक्टर सांगतात, छोटीशी शस्त्रक्रिया, पण आत्ताच, उशीर झाला तर हात जन्माचा गेला. व्यवस्थापक सांगतात, "वहिनी, हात खाली आणणारे ढिगाने पडलेत. यांचा येत नाही, त्यावर तर आपली पोटं चालतात!" म्हणून 'खांदा' हा शब्दच घरात बंद झाला. 'शैली फार ठणकतेय का?' असं विचारायचं.

आज सर्वांत मोठं सभागृह होतं. मौन जमलं तर भावोजींची तहहयात नेमणूक. डॉक्टरांनी दिलेली उद्याची वेळ व्यवस्थापकांनी परस्पर रद्द करून टाकली होती.

शेवटचा सूर विरला. हात वर. व्हायोलिनवाल्यांचे गज हवेत थरथरू लागले. बासरीवाल्या बाई दम कोंडून जांभळ्या झाल्या. भावोजींच्या गालावरून पाणी ओघळलं. ते पाहून पहिल्या रांगेने रुमाल काढले. नेमणूक समितीचे अध्यक्ष डोळे मिटून डोलत होते. टाळी कुणी वाजवेना. वाजवणार कोण? पहिली टाळी म्हणजे आपल्याला यातलं काही कळत नाही, याची जाहीर कबुली.

माझ्या शेजारची ताई उठली.

"अहो," स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी ती म्हणाली, "खांदा धरलाय ना तुमचा?"

अध्यक्ष डोलायचे थांबले. व्यवस्थापक खुर्चीत घसरत दिसेनासे झाले.

"हो गं," हात तसाच ठेवून भावोजी म्हणाले. "फार दुखतंय."

आणि सगळ्या सभागृहाने एकदम माहितीपत्रकं उघडली, इथे टाळ्या वाजवायच्या असतात का ते बघायला. (हसू नका. तुमच्याही पत्रकाची सळसळ मी ऐकली.)