अण्णा टिपणीसांचा पहिला नंबर

अण्णा टिपणीस दर शनिवारी मारुतीला तेल घालत, हात जोडत. पण जगातल्या लढवय्यांत त्याला नंबर द्यायला त्यांची तयारी नव्हती. "ऐनवेळी वजन बदलतो हो तो! कधी मुठीएवढा, कधी पर्वताएवढा. तुलना करायची कशी?"

तुलना हे अण्णांचं व्यसन. अंबरनाथला तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. आमच्या कारखान्याच्या फाटकावर अण्णा वजनकाटा सांभाळत. दिवसभर गोण न् गोण कसोशीने तोलणारा हा गृहस्थ संध्याकाळी स्टेशनच्या पश्चिमेच्या हॉटेलात बसला, की वजनाचा अगदी दुस्वास करी. विषय एकच, बॉक्सिंग. सगळ्या गटांतले बॉक्सर एका मापाचे केले, तर पहिला कोण?

कुणी हेवीवेटवाल्याचं नाव काढलं रे काढलं, की अण्णा टेबलावर हात आपटत. "वजन सोडून बोला! हत्तीनं झाड पाडलं, यात हत्तीचं काय कौतुक? साखरेचा दाणा ओढणारी मुंगी बघा!"

"पन अण्णा, हत्तीचा पाय मुंगीवर परला तं?" चिखलोलीहून दूध घालायला येणारा गणपत विचारी.

"ती नियमांची चूक. मुंगीची नव्हे!"

एकदा डाव्या हाताचा ठोसा समजावून सांगताना त्यांनी गल्ल्यावरची बिस्किटांची बरणी लोळवली. मालक धावत आला, तर अण्णा म्हणाले, "तिचा गार्ड खाली होता." आम्ही हसून हसून बेजार झालो.

अण्णांचा पहिला नंबर होता शेजारच्या निर्वासितांच्या वस्तीतला, कॅम्प पाचमधला सिंधी लछमनदास. कराचीत तो लाइटवेट गटात लढायचा. फाळणीनंतर इथे येऊन त्याने कापडाचं दुकान टाकलं. त्याची एकही लढत आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. अण्णांनीसुद्धा नाही.

"पाहायला कशाला हवी? दुकानात गर्दी झाली की तो कसा सरकतो ते बघा. पायावर पाय कधी पडत नाही. ती चाल शिकवून येत नाही."

"छोड़ो अण्णा साईं, वो ज़माना गया," लछमनदास लाजून म्हणे. पण बसल्या जागी ताठ होई. कॅम्पात जो तो आपलं गेलेलं वैभव सांगे आणि कुणाचा कुणावर विश्वास नसे. त्याला बॉक्सर म्हणणारे अण्णा एकटेच.

त्या वर्षी कारखान्याच्या क्रीडादिनाच्या आठवडाभर आधी लछमनदासच्या दुकानात आमच्या कारखान्यातल्या परेराने डिवचलं. परेरा म्हणजे अंगापिंडाने कपाट. "अण्णांचा पहिला नंबर ना? मग होऊन जाऊ दे माझ्याशी!" लछमनदास तिथल्या तिथे हो म्हणाला. अण्णांचा चेहरा उतरला.

परतताना ते मला म्हणाले, "त्याचा डावा डोळा गेलाय रे. कापड मोजताना मान वळवतो, पाहिलं नाहीस? परेराचा उजवा हात त्याला दिसणारच नाही. मरेल तो."

"मग सांगा की त्याला."

"काय सांगू? पहिल्या नंबरला जाऊन सांगू, की बाबा रे, तू आंधळा झालायस?"

क्रीडादिनाला सगळा कॅम्प लोटला. लढतीआधी दोघांचं वजन करायची रीत. फाटकावरचा काटा मैदानात आणला होता आणि अर्थात अण्णाच त्यावर होते. आधी परेरा उभा राहिला, मग लछमनदास. अण्णा काट्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठून खणखणीत आवाजात म्हणाले, "लढत होणार नाही. वजनात फार फरक आहे. नियमात बसत नाही."

 मग मागून आवाज आला, "अण्णा, वजन सोडून बोला!" बघता बघता अख्खं मैदान तेच ओरडू लागलं.

"मैं लड़ूँगा! डरता नहीं हूँ किसी से!" लछमनदास लालबुंद झाला होता.

"तू घाबरत नाहीस, ठाऊक आहे मला," अण्णा म्हणाले. "पण काट्यावर मी आहे. वजन म्हणजे वजन."

कॅम्पवाल्यांनी लछमनदासला खांद्यावर घेतलं. परेरा हरेल म्हणून कारखान्याने लढत बुडवली, अशी त्यांची खात्रीच झाली. छी-थू झाली ती अण्णांची.

पुढे हॉटेलात अण्णांनी तोंड उघडायची खोटी, कुणीतरी विचारी, "किती मणांचा?" अण्णाही हसत, आणि चहा संपवून लवकर उठत. आयुष्यात त्यांचा तेवढाच एक षोक होता. मला पाहवेना. एकदा मी म्हटलं, "खरं कारण सांगून टाका ना!"

"आणि त्याच्या नंबराचं काय?" ते म्हणाले. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

लछमनदास त्यांच्याशी बोलेनासा झाला. तरी अण्णा गरज नसताना कापड घ्यायला कॅम्प पाचला जात, सोबत मला नेत. लछमनदास मुकाट्याने कापड मोजी, फाडी, पुढ्यात टाकी. दुकानाचं दार त्याच्या डाव्या हाताला होतं. अण्णा दारातूनच मोठ्यांदा खाकरत, मग फळीला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जात आणि तो वर बघेपर्यंत तिथेच थांबून राहत.