डरकाळीला लगाम

बाळांनो, हातातले मोबाइल जरा उपडे ठेवा आणि ऐका.

एका जंगलात रेंज फार चांगली होती. बाकी जंगल साधेच होते. झाडे होती, ओढा होता आणि एक राजा होता. राजा अर्थातच सिंह. त्याचे नाव रणधुमाळ महाराज.

या जंगलात राजा ठरवायची एक जुनी रीत होती. वर्षातून एकदा, भर दुपारी, सगळे प्राणी जेवायला बसले की सिंहाने टेकडीवर उभे राहून तीन डरकाळ्या फोडायच्या. त्या ऐकून निम्म्याहून जास्त जणांचा घास तोंडाशी थांबला, तर सिंह आणखी वर्षभर राजा. नाही थांबला, तर त्याने टेकडी सोडायची. रणधुमाळ महाराजांनी सलग नऊ वर्षे जंगलाचे घास थांबवले होते. त्यांना दुसरे काहीही येत नव्हते, पण हे कुणाला सांगू नका.

पुढे जंगलात घरोघरी मोबाइल आले. मग टेकडीखाली उन्हात जाऊन कोण बसणार? महाराजांनी टेकडीवर फोनसमोर डरकाळी फोडावी आणि प्रजेने ती घरी जेवता जेवता ऐकावी, असे ठरले.

सरावासाठी महाराजांनी एक डरकाळी फोडून पाहिली. मोबाइलचा स्पीकर तो केवढा, चिंचोक्याएवढा. डरकाळी त्यात मावेना. नुसती फरफर ऐकू आली, आणि सशाच्या कानाला जो दडा बसला तो तीन दिवस निघाला नाही. मुंगीची तक्रार उलटीच होती. ती फोन करी तेव्हा पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करून फोन ठेवून देई.

शेवटी सगळे टकटक्यांकडे गेले. टकटके म्हणजे सुतारपक्षी. जंगलातले मोबाइल तेच दुरुस्त करत.

“प्रत्येक फोनात मी एक लगाम बसवतो,” टकटके म्हणाले. “मोठा आवाज आला की लगाम त्याला खाली ओढणार. बारीक आला की वर उचलणार. मुंगी असो की हत्ती, ऐकणाऱ्याला सारखंच.”

“आणि कुणीच बोलत नसेल तेव्हा?” कासवाने विचारले. कासव जंगलाचे घासमोजणी अधिकारी होते, आणि शंका काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

“तेव्हा आसपास जे काही बारीकसारीक ऐकू येत असेल, ते तो उचलून वर आणतो. लगाम काही रिकामा बसत नाही.” मग टकटके महाराजांकडे वळले. “महाराज, तुमचा आवाज यातून वगळू का?”

महाराज मिशीत हसले. “आमच्या डरकाळीला कोण लगाम घालतोय? बसव बिनधास्त.”

लगाम बसले आणि जंगल खूश झाले. मुंगीने एका दिवसात सतरा फोन केले. हत्तीने मावशीला फोन लावला, तर मावशी म्हणाली, “बरं नाहीये का रे तुला? एवढा नम्र कसा झालास?” लहानांचा आवाज वर आला आणि मोठ्यांचा खाली, म्हणून हरणांनी टकटक्यांचा सत्कारही केला. सत्कारात सगळे जण समतेवर बोलले. मला तो दिवस अजून आवडतो.

मग वर्षाचा तो दिवस आला. दुपार झाली. घरोघरी पाने वाढली गेली. सगळ्यांचे फोन शेजारी, आवाज पुरेपूर वाढवलेला. टेकडीवर महाराजांशेजारी बसलेल्या कासवांनी सूचना दिली, “घास थांबला तर एक दाबा. चालू राहिला तर दोन दाबा.”

महाराजांनी छाती फुगवली आणि पहिली डरकाळी फोडली. टेकडीवरचे दोन दगड घरंगळले. पण फोनात लगामाने डरकाळी धरली आणि खाली ओढली. घरोघरी ऐकू आले ते असे, की कुणीतरी दाराशी येऊन खाकरले असावे.

“कोण आहे?” असे म्हणून रानडुकराने कंद तोंडात टाकला.

दुसऱ्या डरकाळीला सशाने भाजी परत वाढून घेतली. कासवांच्या फोनवर नुसते दोन, दोन, दोन येत होते. त्यांनी ते महाराजांना खुणेने दाखवले. नऊ वर्षे एका आवाजावर काढली, आणि आज तो आवाज कुणी ओळखतसुद्धा नव्हते. त्यांना फार वाईट वाटले. तिसरी डरकाळी तरी बसावी म्हणून त्यांनी लांब श्वास घ्यायला सुरुवात केली.

टेकडी गप्प झाली. लगाम रिकामा बसेना. तो काहीतरी बारीकसारीक शोधू लागला.

महाराजांच्या मागे, झुडपाच्या सावलीत, राणी यमुनाबाई नखे साफ करत बसल्या होत्या. जंगलात शिकार त्याच करत. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “ओरडा म्हणावं. ओरडून काय पोट भरतंय? उद्याचं मलाच बघायचंय. ओढ्याकाठचा तो गुबगुबीत बरा दिसतो.”

लगामाने एवढे नेमके उचलले आणि घरोघरी पोचवले. अगदी कानाशी बसून सांगावे तसे.

जंगल ओढ्याकाठीच राहत होते. प्रत्येकाने हळूच स्वतःच्या पोटाकडे पाहिले. रानडुकराच्या तोंडातला कंद तोंडातच राहिला. हरणांची पाने तशीच पडली. कासवांच्या फोनवर एक, एक, एक असा पाऊस पडला. खुद्द कासवांनी दोनदा एक दाबला.

“घास थांबले,” कासव म्हणाले. “पण महाराज, तुमच्यामुळे नाही.”

महाराजांची आयाळ खाली लोंबली. “मग आता आम्ही काय करायचं?”

“बसा जरा,” यमुनाबाई म्हणाल्या. “घसा बसलाय तुमचा. पाणी प्या.”

आणि त्या राज्य करू लागल्या.

आठवड्याभरात निम्मे जंगल वाळले. कुणी पोटभर जेवेना. सगळे पुन्हा टकटक्यांकडे आले.

“लगाम काढा,” ससा म्हणाला. “आम्हाला आपली डरकाळीच बरी. कान फुटले तर फुटले. डरकाळी ऐकली की निदान वाटतं, दुसऱ्या कुणासाठी असेल.”

“राणीसाहेबांना विचारावं लागेल,” टकटके म्हणाले, आणि त्यांनी फोन लावला.

यमुनाबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, “राहू दे.”

ते सगळ्यांना स्वच्छ ऐकू आले.

तात्पर्य, बाळांनो, एवढेच : बारीक आवाज सर्वांपर्यंत पोचलाच पाहिजे, असे जरूर म्हणावे. फक्त तो कुणाचा आहे, आणि त्याला भूक लागली आहे का, हे आधी विचारून घ्यावे.