डिस्कचं कुलूप आणि भूमीआजोबांचं हसू

प्रजासत्ताकाचं एकशे आठवं वर्ष, म्हणजे इंग्रजी २०१९. सप्टेंबरचा पहिला आठवडा. लग्नाला वर्ज्य असलेला भुतांचा महिना सरला आणि खोळंबलेली लग्नं पुन्हा वाजू लागली. तैवानातल्या लुकांगच्या लाय चिन-श्वेईची मुलगी ई-छ्येन हिचंही त्यातच होतं.

मेजवानीत पडद्यावर वधूवरांचे लहानपणचे फोटो दाखवायचे असतात. मुलाकडच्यांचे तयार होते. ई-छ्येनचे सगळे जुन्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो कधीच मेलेला. अल्बम पुरात गेले होते. चिन-श्वेई म्हणाला, डिस्क काढायला माणूस कशाला? जन्मभर लेथ चालवला, चार स्क्रू मलाही काढता येतात.

स्क्रू निघाले. डिस्क निघाली. नव्या कॉम्प्युटरला जोडली तेव्हा तिने पासवर्ड मागितला.

दुरुस्तीवाल्याने तपासली. डिस्क ठणठणीत आहे, म्हणाला. फक्त आतलं सगळं कुलपात आहे, आणि ते फोडणारा अजून जन्मायचा आहे. त्याच्या दुकानात प्रत्येक यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून वर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं. तुमच्या यंत्रावर होतं का, त्याने विचारलं.

होतं. चिन-श्वेईने ते बेसबॉलची मॅच बघताना खाल्लं होतं. (यंत्र त्याच आठवड्यात मेलं. घरी हे कोणाला ठाऊक नव्हतं.)

कुलूपही त्यानेच लावलेलं, पेपरात चोऱ्यांची बातमी वाचून.

"आठवलं," घरी येऊन तो बायकोला म्हणाला. "तुझं नाव आणि पुढे तुझा वाढदिवस."

युए-श्या खूश झाली. लग्नापासून इतकं गोड तो बोलला नव्हता. तारीख मात्र तिलाच सांगावी लागली. त्याच्या ती कधीच ध्यानात नसे; केक दर वर्षी बेकरीवालाच आपणहून धाडायचा.

तिचा वाढदिवस जुन्या पंचांगाचा, तिथीने. तो घातला. नाही. ओळखपत्रावरचा घातला (वडील कापणीत अडकले, नोंद महिन्याने झाली). नाही. खऱ्या जन्माची इंग्रजी तारीख शोधून घातली. तीही नाही.

युए-श्याचा चेहरा आधी उतरला, मग चढला.

"वाढदिवस माझा नाही. मग कोणाचा?"

"लेथ सोडून मी कशाला हात लावला नाही."

"मग लेथचा वाढदिवस घालून बघ."

ई-छ्येन रडकुंडीला आली. भांडण लग्नानंतर करा, म्हणाली. पडद्यावर नवरा एकटाच लहानाचा मोठा होणार का?

जेवण मिळण्याची आशा नव्हती. चिन-श्वेई गल्लीच्या तोंडाशी भूमीआजोबांच्या, म्हणजे गल्ली राखणाऱ्या देवाच्या, देवळात गेला. तिथे लाकडी चंद्रकोरींची जोडी टाकून देवाला विचारतात. एक पालथी, एक उताणी पडली तर देव हो म्हणतो. दोन्ही उताण्या पडल्या तर हसतो, म्हणजे बोलणं हसण्यावारी नेतो.

डिस्क उघडू दे, भाजलेलं बदक वाहीन. आजोबा हसले. वर दारूची बाटली. हसले. चिन-श्वेई भडकला. त्याच्या गालात बारा महिने सुपारी असे.

"मग काय, सुपारी सोडू?"

एक पालथी, एक उताणी.

आपण फक्त विचारत होतो, नवस बोललो नव्हतो, असं त्याने आजोबांना समजावलं. पुन्हा टाकल्या. हो. पुन्हा. हो. तीनदा हो आलं की देवाचा सौदा पक्का.

घरी युए-श्या दारातच उभी होती. कुलूप लावलंस तेव्हा टेबलावर काय होतं, तिने विचारलं.

"केक. तो बघूनच सुचलं. म्हटलं, आजचीच तारीख घालू."

"केक सहा नोव्हेंबरला येतो," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षी माझी तिथी त्या दिवशी आली होती. तू बेकरीवाल्याला तीच तारीख देऊन मोकळा झालास. तिथी दर वर्षी सरकते, म्हाताऱ्या. जन्मभर मी भलत्याच दिवशी केक खाते आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"केक चांगला असतो."

डिस्क उघडली. मेजवानीत ई-छ्येन पडद्यावर पुढचे दोन दात पडलेली हसत होती. मुलाच्या काकाने सुपारी पुढे केली. चिन-श्वेईने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी तो सुपारीची डबी घेऊन देवळात गेला. दिवसाला एक चालेल का, त्याने विचारलं आणि चंद्रकोरी टाकल्या.

आजोबा हसले.

त्याने डबी त्यांच्या पायाशी ठेवली आणि घरी आला.