ट्रेमधली शेवटची वडी

हार्लन ट्वाइटला चर्चच्या अध्यक्षपदातून सुटायचं होतं आणि सुटायला वाट सापडत नव्हती. एल्सबर्गच्या लुथरन चर्चमध्ये अध्यक्ष कधी निवडून येत नसे, तो सापडत असे. जानेवारीच्या वार्षिक सभेत जो खोलीत नाही, त्याच्या गळ्यात पद पडायचं. हार्लन एका सभेत जरा बाथरूमला म्हणून गेला आणि परत आला तो अध्यक्ष होऊनच. त्या सभेत रांगणारी पोरं आता बापाचे ट्रक चालवत होती. तेव्हापासून गावाने धडा घेतला होता. सभेच्या दिवशी लोक सकाळपासून कॉफीला शिवत नसत, आणि तापाने फणफणलेला माणूससुद्धा पांघरूण गुंडाळून सभेला चर्चच्या तळघरात येऊन बसे.

हार्लनचा धाकटा भाऊ ॲरिझोनात राहायला गेला होता. तो ऐन थंडीत अर्ध्या चड्डीत संत्री तोडतानाचे फोटो पाठवायचा. इकडे मिनेसोटात हार्लन फावड्याने बर्फ उपसत गुडघ्यांना शिव्या घालायचा. एकदा तरी अख्खा हिवाळा त्या संत्र्याच्या झाडाखाली काढायचा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती.

"मला काय, मी कधीही येईन," त्याची बायको आर्डिस विणता विणता म्हणायची. "पण अध्यक्षाला हिवाळ्यात गाव सोडून जाता येतं का? चर्च ऊबदार ठेवणारा बॉयलर बंद पडला तर?"

तर अशा अडचणीतून युवा नेतृत्व प्रशिक्षणाचा जन्म झाला. चर्चच्या नियमात दृढीकरण झालेला, म्हणजे श्रद्धेची रीतसर कबुली दिलेला कुणीही सभासद अध्यक्ष होऊ शकत होता, वयाचं काही लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे चार महिने एखादं पोर तयार केलं की झालं! पास्टरबाईंना वाटलं, हे देवानेच सुचवलं. त्यांनी प्रवचनात हार्लनचं कौतुक केलं तेव्हा तो लाजून लाल झाला, पण खरं कारण काही त्याने सांगितलं नाही.

पहिल्या बुधवारी तळघरात पाच-सहा पोरं जमली. हार्लन उभा राहून गरजला, "नेता म्हणजे कोण? जो पुढे होतो तो! चला, कोण पुढे येऊन चार शब्द बोलतंय?"

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

"मॅरेन छान बोलते," केल्बी पुटपुटला.

"छे, माझं काय! केल्बीच बरा," मॅरेन म्हणाली.

अर्धा तास हेच चाललं. शेवटी आर्डिसने करून दिलेल्या चॉकलेटच्या वड्या पुढे आल्या. वड्या भराभर संपल्या आणि ट्रेमध्ये एकच उरली. आता एल्सबर्गमध्ये शेवटची वडी उचलणं म्हणजे भर चौकात हावरटपणा करण्यासारखं. केल्बीने सुरीने तिचे दोन तुकडे केले आणि अर्धा घेतला. मॅरेनने उरलेल्या अर्ध्याचा अर्धा घेतला. असं करत करत पलीकडचं दिसेल एवढी पातळ चकती राहिली.

हार्लनने टेबलावर हात आपटला. "जो ही उचलेल, तो नेता!"

कुणी हलेना. तेवढ्यात दार ढकलून जिआना आली. तिच्या आईचं माहेर इथलं, पण पोरगी वाढलेली न्यू जर्सीत. महिन्यापूर्वीच ती इथे आली होती. "सॉरी, उशीर झाला. हे कुणी खातंय का? नाही ना?" असं म्हणून तिने चकती तोंडात टाकली.

केल्बीच्या हातातली सुरी खाली पडली. हार्लनच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. त्याला समोर संत्र्याचं झाड दिसत होतं.

त्या दिवसापासून त्याने जिआनावर जीव टाकला. प्रस्ताव कसा मांडायचा, अनुमोदन कसं घ्यायचं, सगळं शिकवलं. इथली माणसं ओळखायलाही शिकवलं. "हे बघ पोरी, आपल्याकडे कॉफी विचारली की पहिला 'नको' शिष्टाचाराचा. दुसराही शिष्टाचाराचा. तिसऱ्यांदा विचारायचं, ते उत्तर खरं. आणि नेता सगळं स्वतः करत नाही. योग्य माणूस हेरतो आणि त्याला पळायला जागा ठेवत नाही."

"मस्त," जिआना म्हणाली. "पण काका, बॉयलरवाल्याला फोन कुणी करायचा, नाताळचा तारा कुठे ठेवलाय, कुठल्या आजींची कुणाशी बोलचाल नाही, हे मी ज्याला विचारते तो म्हणतो आर्डिसकाकूंना विचार."

"मग विचार की तिला," हार्लन म्हणाला. त्याचं लक्ष भावाच्या नव्या फोटोकडे होतं.

इकडे प्रशिक्षण अंगाशी यायला लागलं. केल्बीच्या आईचा फोन आला, "हार्लन, अरे पोरगा घरी शेवटचा बटाटा उचलायला लागलाय! न विचारता!" मॅरेनने तर आजीच्या वाढदिवसाला केकचा शेवटचा तुकडा उचलला आणि वर भाषण केलं. गावात कुजबुज सुरू झाली. हार्लन मात्र दातओठ खाऊन जानेवारीची वाट पाहत राहिला. सभेच्या दिवशी त्याने अर्धी चड्डी आणि उन्हाची टोपी गाडीत टाकूनच ठेवली.

तळघर गच्च भरलं होतं. हार्लनने घसा खाकरला. "अध्यक्षपदासाठी नावं?"

सगळ्यांच्या नजरा पुन्हा बुटांवर गेल्या. हार्लनने जिआनाकडे पाहून डोळा मिचकावला. ती ताडकन उठली आणि अख्ख्या खोलीचा जीव भांड्यात पडला.

"मला एक नाव सुचवायचंय."

"स्वतःचं सांगायला लाजू नकोस, पोरी!"

"माझं? छे हो काका, माझी गणिताची परीक्षा आहे. मी आर्डिसकाकूंचं नाव सुचवते. हे चर्च त्याच तर चालवतात. तुम्ही नुसते सह्या करता." ती जरा थांबली. "आणि त्या आत्ता खोलीत नाहीत. स्वयंपाकघरात आहेत."

बस्स! "अनुमोदन!" तीन कोपऱ्यांतून एकदम आवाज आला. हार्लन तोंड उघडेपर्यंत सगळ्यांचे हात वर गेले होते.

आर्डिस कॉफीची किटली घेऊन बाहेर आली. "काय झालं गं? कुणी गेलं की काय?"

"काकू, तुम्ही अध्यक्ष झालात!"

"अगंबाई! मला कुठलं जमायला? नको नको."

हार्लनचा श्वास परत आला. सभा चालवणारा तोच, तेव्हा विचारणंही त्याच्याकडेच. "नक्की नको ना, आर्डिस?"

"नकोच रे. दुसरं कुणी बघा."

"झालं तर!" हार्लनने घाईघाईने निर्णय पक्का करायची अध्यक्षाची हातोडी उचलली. "तिची इच्छा नाही, तेव्हा आपण पुढे—"

"काका," जिआना म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं. तुम्हीच शिकवलंत ना?"

सगळी सभा हार्लनकडे बघत होती. आयुष्यात त्याला कुठलाच प्रश्न एवढा जड गेला नव्हता. "आर्डिस... होशील का अध्यक्ष?"

"बरं बाई, एवढं सगळे म्हणताय तर," आर्डिस म्हणाली. तिने किटली त्याच्या हातात दिली, हातोडी काढून घेतली आणि खुर्चीत बसली. "पहिला विषय बॉयलर. वेंडेल, मागे बसून कुजबुजू नकोस, उभा राहून बोल."

सभा संपल्यावर हार्लन स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होता. शेजारच्या ट्रेमध्ये नेहमीसारखी एकच वडी उरली होती. आर्डिस आत आली. तिचा चेहरा असा उजळला होता की तसा त्याने लग्नानंतर क्वचितच पाहिला असेल. त्याला आनंदही झाला आणि रडूही आलं.

"मग ॲरिझोना?" त्याने हळूच विचारलं.

"वेडा आहेस का? अध्यक्षाला हिवाळ्यात गाव सोडून जाता येतं का?" मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तू जा की. खरंच. भाऊ वाट बघतोय."

जीव तर नुसता उड्या मारत होता. पण जन्माची सवय! "छे," तो म्हणाला, "तुला टाकून मी एकटा कुठे जाऊ?"

"अरे जा ना. मी करीन माझं."

"नको गं, राहू दे," हार्लन म्हणाला आणि कपाला फडकं लावत तिसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहू लागला.

"बरं, मग उद्या बॉयलरवाला येईल तेव्हा तू इथे थांब," असं म्हणून आर्डिस बाहेर गेली. बाहेर तिला चार माणसं विचारायला उभीच होती.

हार्लन बराच वेळ दाराकडे बघत राहिला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, ट्रेमधली शेवटची वडी उचलली, अख्खी तोंडात कोंबली आणि पुढची बशी विसळायला घेतली.